सोपानदादांचे सात सेकंद

मी एका माणसाची वेळ खोडली. ती चूक होती म्हणून खोडली असं म्हणायची सोय मला नाही. ती चूक होती की बरोबर, हे मला त्या दिवशी कळलं नव्हतं आणि आठ वर्षांनंतर आजही कळलेलं नाही. कळत नसताना खोडली. घड्याळ माझ्या हातात होतं, अंगठा माझा होता आणि आकडा सोपान थोरवे यांचा होता.

सोपानदादा चाकणला आमच्या कंपनीत टेस्ट ड्रायव्हर होते. नवी गाडी बाजारात येण्याआधी तिला दगडांवरून, खड्ड्यांतून, पाण्यातून महिनोन्‌महिने पळवतात आणि काय तुटतं ते बघतात. ते पळवायचे, आणि मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन आकडे गोळा करायचो. वयानं ते माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे. सगळा ट्रॅक त्यांना दादा म्हणायचा. मी मात्र ‘थोरवे’ म्हणायचो. मी पर्मनंट होतो आणि ते अकरा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. त्यांचं गेटचं ओळखपत्र दर काही महिन्यांनी नवं यायचं, फोटो मात्र तोच जुना. “फोटोतला मी म्हातारा होत न्हाई, म्हणून पर्मनंट करत न्हाईत,” असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

चऱ्होलीचे. उंची बेताची, पायाचे पंजे मात्र रुंद, बोटं फाकलेली. पायांचं मुद्दाम लिहितो, कारण माझी त्यांच्याशी खरी ओळख पायांपासूनच झाली. मी नवा होतो. दुपारच्या शिफ्टला पावसाचा शिडकावा सुरू झाला आणि त्यांनी ट्रॅकच्या मधोमध गाडी उभी केली. मला वाटलं, काही बिघडलं. ते खाली उतरले, कंपनीचे जड सेफ्टी बूट काढले, मोजे बुटांत कोंबले आणि अनवाणी चालायला लागले. वळणापर्यंत गेले. मध्येच थांबायचे, टाच जमिनीवर फिरवायचे, पाणी कुठून कुठे वाहतंय ते वाकून बघायचे. मी आत बसून घड्याळ बघत होतो. सेफ्टी ऑफिसर जीप घेऊन आला आणि हिंदीत ओरडला. दादा शांतपणे म्हणाले, “सर, बूट घालून जमीन काय म्हणती ते कसं कळायचं?” त्याला मराठी येत नव्हतं. त्यानं मेमो दिला. दादांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला. पुढे कळलं, असे पाच-सहा मेमो त्यांच्याकडे होते, सगळे पावसाळ्यातले.

दुसरी सवय तंबाखूची. खिशात कायम पुडी. दोन वर्षं मी समजत होतो की हा माणूस खातो आणि थुंकायला बाहेर जातो. मग एकदा जोराच्या पावसात त्यांनी चिमूटभर तंबाखू ओल्या फडक्यात घेऊन समोरची काच चोळली. पाणी काचेवर ठरेना, पसरून वाहून जायला लागलं. “जुन्या ट्रकवाल्यांची युक्ती. वायपर बंद पडला तरी दिसतं,” ते म्हणाले. “मग तुम्ही खात नाही?” मी विचारलं. “छ्या! घाण असती ती.”

सुट्टीच्या दिवशी ते रेसमध्ये उतरायचे. टीव्हीवर दिसतात तसल्या नाहीत. आपल्याकडे चिखली-मोशीच्या बाजूला मोकळी मैदानं होती. तिथे जुने टायर मांडून नागमोडी वाट आखायची, एकेका गाडीनं एकट्यानं ती पार करायची आणि घड्याळ लावायचं. कमी वेळ लागेल तो पहिला. आमच्या भागातल्या कंपन्यांतले लोक हौसेनं यायचे. उन्हाळ्याच्या रेसमध्ये सोपानदादा पाचवे-सहावे यायचे. पावसाळ्यात मात्र पहिले नाहीतर दुसरे.

यावरून कँटीनमध्ये चर्चा रंगायची. आमच्याच विभागातला केदार नव्या पिढीचा ड्रायव्हर. दक्षिणेत जाऊन पैसे भरून रेसिंगचं शिक्षण घेतलेला, बोलायला चटपटीत, मनानं चांगला. तो म्हणायचा, “दादा, पावसात कौशल्य कसलं? लॉटरी असते राव. तुमच्या आधीच्या तिघांच्या गाड्या घसरल्या, तुमची नाही घसरली. नशीब जोरावर तुमचं.”

“व्हय, नशीबच माझं,” दादा ताटातला भात कालवत म्हणायचे.

“मग मागच्या वेळी टायरला धडकलात ते? तेही नशीब?”

“न्हाई. ती चूक माझी.”

हे त्यांचं ठरलेलं होतं. जिंकले की नशीब माझं, हरले की चूक माझी. मला हे कधी नीट उलगडलं नाही. नम्रपणा म्हणावा, तर त्यांच्या चेहऱ्यावर नम्र माणसाचा भाव नसायचा. हवामान सांगावं तसं सांगायचे. मी इंजिनिअर. मला वाटायचं, एक काहीतरी खरं असणार. एकदा आकुर्डीला माझ्या घराकडे जाताना त्यांना गाडीत घेतलं होतं, तेव्हा विचारलं. पाऊस होता, गाडी मी चालवत होतो.

“थोरवे, खरं सांगा. नशीब असेल तर ते पावसातच कसं येतं? उन्हाळ्यात का येत नाही?”

ते माझ्या पायांकडे बघत होते. मग म्हणाले, “साहेब, आधी तुमी ब्रेकवरचा पाय काढा. लई जीव हाय तुमचा त्याच्यावर.” मी पाय सैल केला. “आता जरा डावीकडनं घ्या. समदे जातात तिथं रस्ता गुळगुळीत झालाय, चमकतोय बघा. उन्हाळ्यात समद्यांच्या मागनं जावं. पावसात तिथनं जाऊ नये.”

मी वीतभर डावीकडे घेतलं. चाकं रस्त्याला धरून चालल्याचं मला स्टेअरिंगमध्ये जाणवलं.

“म्हणजे हे कौशल्यच झालं की,” मी म्हणालो.

“आन डावीकडं झाकण उघडं गटार असतं तर?” ते म्हणाले. मी पुन्हा गोंधळलो.

आता ती रेस.

त्या वर्षी कंपनीनं ठरवलं, नव्या ड्रायव्हरांना ओल्या ट्रॅकवर गाडी चालवायला शिकवणारा एक माणूस नेमायचा. पर्मनंट. आमच्या विभागाचे प्रमुख घाटे सर. त्यांच्यापुढे दोन नावं होती, केदार आणि सोपानदादा. सर रेसचे शौकीन, दरवर्षी मैदानावर मुख्य पंच तेच असायचे. ते सगळ्यांदेखत म्हणाले, “रविवारी चिखलीला बघू. पावसात जो पुढे राहील त्याचं नाव वर पाठवतो.” अर्धं गमतीत म्हणाले असतील. पण चाकणला अकरा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढलेल्या माणसाला ‘पर्मनंट’ हा शब्द गमतीत घेता येत नाही. त्या शुक्रवारी सोपानदादा जेवायला बसले आणि डबा न उघडताच उठले, हे मी बघितलं होतं.

रविवारी केदार स्वतःची गाडी घेऊन आला, नव्या टायरांची. दादा चुलतभावाची जुनी गाडी घेऊन आले. ती रोज दुधाचे कॅन वाहायची आणि तिला आंबूस वास यायचा. कुणीतरी म्हणालं, “दादा, हरलात तर हरलात, रतीब तरी घालून या!” दादा सगळ्यांबरोबर हसले. मग विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला काढून सगळी वाट दोनदा चालून आले. ते मैदान पूर्वीचं शेत होतं. कुठे मुरूम, कुठे वरवरच्या थराखाली काळी माती. काळी माती भिजली की साबण होते. तिसऱ्या वळणावर ते खूप वेळ उभे राहिले. तिथे सगळे आतल्या बाजूनं वळत होते. दादा बाहेरच्या, गवताच्या कडेला टाच रोवून बघत होते.

वेळ घ्यायचं काम माझ्याकडे होतं. दोन घड्याळं असायची. दुसऱ्यात पाणी गेलं आणि ते बंद पडलं. माझं तरी वाचावं म्हणून मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि पिशवीवरूनच बटण दाबायला लागलो. सुरुवातीची आणि शेवटची रेघ एकच होती. झेंडा खाली आला की दाबायचं, गाडी परत आली की दाबायचं.

केदारला एक मिनिट एक्कावन्न सेकंद लागले. तोपर्यंतची सगळ्यांत चांगली वेळ. टाळ्या झाल्या. मग सोपानदादा. तेव्हा पाऊस असा होता की शंभर पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. झेंडा पडला, मी दाबलं, गाडी पहिल्या वळणाला गेली आणि पावसात नाहीशी झाली. मधलं काही मी बघितलंच नाही. नुसता आवाज ऐकू येत होता, तोही न वाढणारा, न कमी होणारा. मला वाटलं, फारच सावकाश चाललेत. आणि माझी नजर अजून दूर असताना गाडी एकदम समोर उभी राहिली. मी दाबलं.

पिशवीतून आकडा दिसला. एक मिनिट चव्वेचाळीस.

केदारपेक्षा सात सेकंद कमी. अशा रेसमध्ये अर्ध्या सेकंदानं निकाल लागतात. सात सेकंद म्हणजे काहीतरी चुकलंय, असं पहिल्यांदा मनात आलं. सुरुवातीला अंगठा पिशवीवरून घसरला होता का? घसरल्यासारखं वाटलं होतं खरं. की आता आकडा बघून वाटत होतं?

घाटे सर छत्री सावरत आले. “किती?”

“एक चव्वेचाळीस. पण सर, पिशवीवरून दाबलंय. सुरुवातीला बटण उशिरा लागलं असेल.”

“लागलं असेल, की लागलं?”

मी समोर बघितलं. दुधाची गाडी चिखलानं माखून उभी होती आणि दादा खाली उतरून तिच्या चाकांकडे बघत होते.

“लागलं,” मी म्हणालो.

नियम सरळ होता. वेळ खात्रीची नसेल तर पुन्हा धाव. सरांनी हाक मारून सांगितलं. दादांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. “साहेब म्हणत्यात तर आसंल,” म्हणाले. मग सरांना म्हणाले, “पाच मिनिटं द्या, एकदा चालून येतो.”

“कशाला? मगाशीच चाललात की. पाऊस वाढतोय, आटपा.”

ते वाट न चालताच गाडीत बसले. एक मिनिट त्रेपन्न. या वेळी माझा अंगठा पक्का लागला होता, त्याबद्दल मला शंका नाही.

दादा गाडीतून उतरून माझ्याकडे आले. मी कागदावर वाकलो. ते म्हणाले, “चूक माझी. पाण्यानं वाट बदलली व्हती, न बघता गेलो.” आणि खांद्यावरचं फडकं माझ्यापुढे धरलं. “डोकं पुसा साहेब, सर्दी व्हईल.” मी त्या फडक्यानं डोकं पुसलं. त्याला तंबाखूचा वास होता.

केदारचं नाव वर गेलं आणि त्याला ती जागा मिळाली. तो शिकवतो चांगलं. पहिल्याच वर्गात त्यानं मुलांना सांगितलं, “समजा सगळे एका वाटेनं जातायत, तर पावसात त्या वाटेनं जायचं नाही.” प्रशिक्षणाची पुस्तिका तयार करायचं काम माझ्याकडे आलं. ते वाक्य मी चौकटीत, ठळक टाइपात घातलं. खाली कुणाचं नाव घातलं नाही. पुढचा पावसाळा यायच्या आत दादांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि या वेळी नवं ओळखपत्र आलं नाही. शेवटच्या दिवशी ते सगळ्यांना भेटले. मी मीटिंगमध्ये होतो. म्हणजे मीटिंग संपली होती, मी तिथेच बसून राहिलो होतो.

नंतर मी स्वतःची समजूत घालायला लागलो. त्यांच्याच शब्दांनी घातली. पावसात नशीबच असतं, दादाच म्हणायचे. त्या दिवशी नव्हतं. माझा अंगठा घसरला असेल तर मी खरं बोललो. नसेल घसरला, तर मला तसं प्रामाणिकपणे वाटलं. या दोन्हींत मी कुठे दोषी ठरत नव्हतो आणि तरी पाऊस लागला की झोपेचं खोबरं व्हायचं.

या वर्षी जूनमध्ये आमच्या जुन्या ग्रुपवर एकानं व्हिडिओ टाकला. जुना मोबाइल साफ करताना सापडला म्हणे. दादांची ती पहिली धाव! तो मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभा होता, मला न दिसलेला सगळा भाग त्यात होता. तिसऱ्या वळणावर दुधाची गाडी गवताच्या कडेनं, रेघ ओढल्यासारखी वळली. आधीच्या गाड्यांनी आत चिखलाचं लोणचं करून ठेवलं होतं, तिकडे ती फिरकलीही नाही. पण व्हिडिओ सुरू होतो तो गाडी पहिल्या वळणावर आल्यानंतर. तिथपासून, गाडी रेघेवर आल्यावर उठलेला गलका ऐकू येतो तिथपर्यंत मी मोजलं. पुन्हा मोजलं. दर वेळी एक मिनिट तेहेतीस. म्हणजे सुरुवातीपासून पहिल्या वळणापर्यंत अकरा सेकंद लागले असतील तर माझं घड्याळ बरोबर. अठरा-एकोणीस लागले असतील तर माझा अंगठा घसरला होता.

मी रविवारी चिखलीला गेलो. मैदानावर आता सोसायटी आहे. जिथे झेंडा पडायचा तिथे बहुतेक क्लब हाऊस आहे, पहिलं वळण बी विंगच्या पार्किंगमध्ये गेलंय. मी क्लब हाऊसपासून पार्किंगपर्यंत गाडी नेऊन वेळ घेतली. एकदा दहा सेकंद आली. दुसऱ्यांदा सोळा. फरशीच्या रस्त्यावर, कोरड्यात, माझ्यासारख्यानं चालवून काय कळणार होतं? तिसऱ्या खेपेला वॉचमन पुढे आला. “साहेब, काय हरवलंय का?” “एक वळण होतं इथे,” मी म्हणालो. त्यानं मला वहीत सही करायला लावली.

तिथून तसाच चऱ्होलीला गेलो. घर विचारत जावं लागलं, दोन्हीकडे टॉवर उभे राहिलेत. पोचेपर्यंत पाऊस भुरभुरायला लागला होता. दारात वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर, “अगं बया, कंपनीतलं साहेब व्हय! मागं हायेत बघा, बशीपाशी,” म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

घरामागे पिवळी स्कूल बस उभी होती. सोपानदादा स्टुलावर चढून समोरची काच चोळत होते. केस पांढरे झालेले, पाय अनवाणी. हातात फडकं, फडक्यात तंबाखू.

“या साहेब,” ते म्हणाले, जणू मी काल भेटलो होतो. “उद्या सोमवार, पोरं असतात गाडीत. काच साफ पायजे.”

मी मोबाइल काढला. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पिशवी, अंगठा, एक तेहेतीस, अकरा की अठरा. त्यांनी व्हिडिओ एकदा बघितला. तिसऱ्या वळणाशी मान हलवली. “गवताला मुळं असत्यात, माती धरून राहती,” एवढंच म्हणाले.

“तुम्हाला काय वाटतं? खरी वेळ किती असेल?” मी विचारलं.

“आतल्या माणसाला काय कळतंय? मला तर लई हळू गेल्यावानी वाटलं व्हतं.” ते स्टुलावरून उतरले. “साहेब, चालून बघणं आपल्या हातात. पुढं पाणी कुठनं येईल ते न्हाई. तुमचा अंगठा बी त्या पाण्यासारखाच. घसरला आसंल, नसंल. आपलं नशीब नव्हतं, झालं. तुमी कशापायी एवढं मोजत बसलात?”

आठ वर्षं मला जे वाक्य ऐकायचं होतं ते त्यांनी आपणहून देऊन टाकलं होतं. ते घेऊन, चहा पिऊन घरी जाता आलं असतं. वहिनींनी आतून हाकही मारली. दादा वाकून बसच्या पुढच्या चाकाजवळची माती टाचेनं दाबून बघत होते, उद्या सकाळी गाडी इथून निघेल का ते. मला एकाएकी कळलं की मी आठ वर्षं चुकीचे सेकंद मोजत होतो.

“दादा,” मी म्हणालो. त्यांनी वर बघितलं. “अंगठ्याचं मला खरंच माहीत नाही. कधी कळणारही नाही. पण सरांनी विचारलं तेव्हा मी ‘लागलं असेल’चं ‘लागलं’ केलं. तुमच्या दुधाच्या गाडीकडे बघून केलं. तोच आकडा केदारचा आला असता तर मी मुकाट्यानं लिहिला असता, पिशवी मला आठवलीसुद्धा नसती. त्याला नशीब म्हणू नका. चूक माझी. मला माफ करा.”